डॉक्टरच्या आधी पोचणारी बाई

मी बपेऱ्याहून बोलते आहे. गटाच्या बैठकीत, बँकेच्या रांगेत, नाहीतर रोवणीच्या बांधावर तुमच्यातल्या बऱ्याच जणींची माझी भेट होतच असते. आज हिशेबाची वही बाजूला ठेवू आणि इतिहासाचं बोलू. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता. पण आजचं भाषण मी परीक्षेच्या पुस्तकातून काढलेलं नाही, ते आपल्याच एका बैठकीतून निघालं आहे.

मागच्या महिन्याची गोष्ट. बैठक संपत आली होती. गटातल्या एका घरची धाकटी सून हळूच म्हणाली, "ताई, गावात आशाची जागा निघणार म्हणतात. मी दहावी पास आहे. नाव देऊ का?" कोणी उत्तर देण्याआधीच मागून एक काकू बोलल्या, "त्यात काय ठेवलंय माय? गोळ्या वाटायच्या, लेकरं मोजायची अन् डॉक्टरच्या मागं पिशवी धरून फिरायचं." सगळ्या हसल्या, ती सूनही हसली. पण तिने मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही.

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. घरी आले आणि रात्रभर विचार करत राहिले. डॉक्टरच्या हाताखाली काम करणारी बाई म्हणजे नुसती पिशवी धरणारी, हे आपण कधी आणि का ठरवलं? काकूंना उत्तर द्यायला मला थोडा उशीर झाला. ते उत्तर आज रेडिओवरून देते.

गोष्ट फार जुनी नाही. आपल्या पणजीच्या काळात बाळंतपणाला सुईण यायची. तिच्या हाताला सवय होती, पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते ती सांगायची. पण नाळ कापायच्या आधी पातं उकळावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुसरीकडे सरकारी दवाखाना होता. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तालुक्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट असायचा, पुढे त्यालाच सब-असिस्टंट सर्जन म्हणू लागले. त्याच्या हाताखाली कंपाउंडर आणि ड्रेसर. कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर भरायचा आणि बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. हे सगळे बहुधा पुरुष. घरातली बाई त्यांना हातही दाखवायची नाही. बाईला सुईण माहीत, दवाखाना पुरुषाला माहीत, आणि मध्ये कोणीच नाही. त्या मधल्या जागेत बायका मरत होत्या आणि लेकरंही मरत होती.

आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते अवघ्या दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. परत आल्यावर काही महिन्यांतच, १८८७ मध्ये, क्षयाने त्यांना ओढून नेलं. आपण त्यांना पहिली डॉक्टर म्हणून आठवतो. मला मात्र ते दहा दिवसांचं बाळ आठवतं. डॉक्टरीण व्हायला समुद्र ओलांडावा लागला, ते खरंच. पण त्या दहा दिवसांत बाळाजवळ बसून त्याचा श्वास बघणारी, अंग गार पडलंय का ते बघणारी कोणी शिकलेली बाई त्या घरात असती तर?

दुसरं नाव सावित्रीबाईंचं. त्यांची शाळा आपण जाणतो, पण त्यांचा शेवट आपण थोडा कमी सांगतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. लोक घरं सोडून पळत होते. त्यांचे चिरंजीव यशवंत डॉक्टर होते, त्यांनी पुण्याबाहेर रोग्यांसाठी दवाखाना घातला. सावित्रीबाई डॉक्टर नव्हत्या. त्या रोग्यांना शोधून आणत, त्यांची सेवा करत. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला डॉक्टरपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. आजच्या भाषेत त्याला मदतनीसाचं काम म्हणतील. मग सांगा, ते काम हलकं होतं का?

पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, म्हणून चांगल्या घरच्या बायकांनी हे काम करू नये असं तेव्हा लोक म्हणत. आपल्या काकूंचं बोलणं तिथूनच आलंय बघा. शंभर वर्षं झाली, ते काही पुसलं नाही.

स्वातंत्र्य आलं. १९४६ च्या भोर समितीने गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असं सुचवलं होतं. १९५२ पासून ती केंद्रं उभी राहू लागली. नर्सबाई आल्या. पण एका नर्सबाईकडे किती गावं? पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटायचं. आणि नर्सबाई परक्या गावची, तिला राहायला धड खोली नाही, रात्री एकटीने जायला सोबत नाही. दोष तिचा नव्हता.

आता जामखेडला चला. अहमदनगर जिल्हा, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. भाग दुष्काळी, त्यात १९७२ चा मोठा दुष्काळ. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाईंना गावोगावी पाठवून पाहिलं, ते जमेना. मग गावकऱ्यांशी बोलताना वाट सापडली. गावाने आपल्याच गावची बाई निवडावी आणि तिला शिकवावं. निवडलेल्या बायका बहुतेक अंगठा लावणाऱ्या होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली, बऱ्याच जणी दलित. त्या जामखेडला येत, तिथे राहत, शिकत, गावी परत जाऊन काम करत आणि पुढच्या वेळी काय झालं ते सांगत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत आणि एकत्र जेवत. ज्या बाईला विहिरीवर चढू देत नव्हते, तिच्याच हातून पुढे गावाने औषध घेतलं.

त्या काय शिकल्या? बाळाचं वजन करायचं. पोटुशी बाईच्या पायावर सूज आहे का बघायची. बाळंतपणाला हात आणि पातं स्वच्छ करायचं. जुलाब लागले तर पोराचं पिणं बंद करायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. १९७१ मध्ये जामखेडच्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत जात होती. पुढच्या वर्षांत तो आकडा खूप खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायकांपैकी एक मुक्ताबाई पोळ. १९८८ मध्ये त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहात वर लखलखणारी झुंबरं होती. त्या म्हणाल्या, डॉक्टर या झुंबरांसारखे. दिसायला सुंदर, पण महागडे आणि लांब. मग पिशवीतून त्यांनी वातीचे दोन साधे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावरून दुसरा पेटवला. आम्ही अशा, स्वस्त, साध्या, आणि एकीची ज्योत दुसरीला देणाऱ्या. हे त्यांच्या बोलण्याचं सार मी माझ्या शब्दांत सांगितलं. सभागृह उठून उभं राहिलं नसेल तरच नवल.

त्याच सुमाराला जगातही हे वारं होतं. चीनमध्ये खेड्यातल्या शेतकऱ्यांनाच थोडं शिकवून 'अनवाणी डॉक्टर' केलं होतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याचे ड्रम भरले आणि रोग्यांच्या घरच्यांनाच पाजायला लावलं. जिथे शंभरात तीसेक जात होते, तिथे चारांच्या आत जाऊ लागले. पाजणारे हात आयांचे आणि बहिणींचे होते. म्हणून हे पाठ करा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मोजून घालायचं, अंदाजाने नाही. मीठ जास्त झालं तर पोराला घातक.

भारत सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ ला हजार लोकांमागे एक आरोग्य कार्यकर्ता अशी योजना काढली. तीन महिने शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. पण निवडले गेले बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? पाठीशी भक्कम देखरेखही नव्हती. योजना हळूहळू विरून गेली. इथे एक धडा आहे. बाई कोण निवडली याला जेवढं महत्त्व, तेवढंच तिच्या पाठीशी कोण उभं आहे यालाही.

तो धडा कोणी गिरवला? आपल्याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीत. आपल्या भंडाऱ्यावरून वाहणारं पाणीच पुढे गडचिरोलीला जातं. तिथे १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काम सुरू केलं, 'सर्च' या संस्थेतून. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. शंभरात ९२ जणींना अंगाचा, पाळीचा, गर्भपिशवीचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी तपासून घेतलेल्या शंभरात आठही नव्हत्या. १९८९ मध्ये हे जगासमोर आलं. बायांनो, आपण दुखणं अंगावर काढतो म्हणतात. अंगावर काढत नव्हतो, सांगायला कोणी नव्हतं.

मग लेकरांच्या निमोनियाचा प्रश्न. निमोनियात पोराचा श्वास जोरात चालतो. मिनिटाला किती ते मोजायचं. पण सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले असते, मग यांचा काय उपयोग? बंगांनी उलटं केलं. मणी सरकवायचं एक साधन बनवलं आणि सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनिया समजायचा, औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्यांसाठी वेगळी. दहापर्यंत मोजणारी बाई निमोनिया ओळखू लागली. त्या गावांत निमोनियाने जाणारी लेकरं तुलनेच्या गावांपेक्षा जवळपास निम्मी झाली.

त्यानंतर नवजात बाळं. १९९५ पासून ३९ गावांत एकेक बाई निवडली, थोडं शिकलेली. तिला 'आरोग्यदूत' म्हटलं. झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी. ती बाळंतपणाला हजर राहायची आणि मग पुन्हा पुन्हा घरी जायची. बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर घरच्यांना विचारून इंजेक्शन देण्यापर्यंत तिला शिकवलं होतं. यावर मोठमोठ्या डॉक्टरांनी आक्षेप घेतला. पण डॉक्टर ठराविक दिवसांनी गावात येऊन तिची प्रत्येक नोंद तपासत होते. आधी हजारात ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती, तिसऱ्या वर्षी ती २५ वर आली. तुलनेच्या ४७ गावांत आकडा ६० च्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. पुढे सरकारने २००५ मध्ये आशा नेमायला सुरुवात केली आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी देशभर तिच्या कामात घातल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. आपल्या दारात आशा येते ना, ती गडचिरोलीच्या त्या वाटेने येते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. माझ्या आईच्या वेळची. माझा एक काकाचा मुलगा पाच महिन्यांचा होता, त्याला खोकला झाला. बाजारच्या गावी एक माणूस सुया द्यायचा, कधीकाळी कुठल्या दवाखान्यात कामाला होता. तीन दिवस तीन सुया झाल्या. चौथ्या दिवशी पोर गेलं. आजीला विचारलं की ती एवढंच सांगायची, "पोट आत जात होतं रे, श्वासाला." सगळ्यांना दिसत होतं. कोणी मोजलं नाही. आणि त्या माणसाने "हे माझ्या हातातलं नाही, पुढे न्या" असं म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आली, बावनथडीच्या पलीकडून. सातव्या दिवशी आशाताई आल्या. बाळ शांत झोपलं होतं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "फार गुणी आहे, रडतच नाही." आशाताईंनी हात धुतले, दुपटं सोडलं, बाळाच्या पायाला हात लावला, काखेत थर्मामीटर ठेवलं आणि पोटाकडे बघत मिनिटभर गप्प बसल्या. श्वास ६८. त्यांनी पुन्हा एकदा मोजला. मग विचारलं, "सकाळपासून दूध किती वेळा ओढलं?" नणंद रडायला लागली. आशाताईंनी सुई दिली नाही, गोळी दिली नाही. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावलं, वरून गुंडाळलं, १०२ ला फोन केला, चिठ्ठीवर वेळ, वजन, ताप आणि श्वास लिहिला आणि गाडीत सोबत बसल्या. ते लेकरू आता अंगणात कोंबड्यांच्या मागे धावतं.

काकू, ही पिशवी धरणारी बाई होती. तिच्याजवळचं ज्ञान मोठ्या पुस्तकाचं नव्हतं. पण त्या दिवशी जेवढं लागत होतं तेवढं पक्कं होतं.

म्हणून डॉक्टरच्या मदतनीसाचं मूळ काम काय, ते मी माझ्या वहीत पाच शब्दांत लिहिलं आहे. पहिलं बघणं, दुपटं सोडून, उजेडात. दुसरं मोजणं: वजन, ताप, श्वास. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४०. त्याला लागला की श्वास जोरात आहे. बाळ रडत असताना मोजायचं नाही, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. तिसरं लिहिणं, कारण पुढच्या डॉक्टरला आपलं तोंडी सांगणं पोचत नाही, चिठ्ठी पोचते. चौथं धाडणं, म्हणजे आपल्या हातातलं नाही ते वेळेत पुढे पाठवणं. हे कमीपणाचं नाही, सगळ्यात अवघड कर्तव्य हेच आहे. आणि पाचवं गप्प राहणं. कोणाला टीबी आहे, कोणाला पांढरं जातं, कोणाचं मूल पडलं, हे पाणवठ्यावर आलं की दुसऱ्या दिवशी बायका त्या मदतनीसाला काही सांगत नाहीत. राणीताईंच्या त्या दोन गावांचं दुखणं झाकलेलं का राहिलं, ते आठवा.

आता दुसरी बाजू. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. कोरोनाच्या वेळी दारोदार फिरणाऱ्या याच होत्या. पण सरकारच्या कागदावर आशा अजूनही स्वयंसेविका आहे, कर्मचारी नाही. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये असा दर ठरला होता. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. सन्मानाच्या बातमीने घरचं तेल-मीठ येत नाही. हे त्या सुनेपासून मी लपवणार नाही. तिने नाव द्यावं, पण डोळे उघडे ठेवून.

आणि आपण? जामखेडला बाई एकटी नव्हती, तिच्या मागे गावचं महिला मंडळ होतं. गडचिरोलीत तिच्या मागे तपासणारा डॉक्टर होता. आपल्या गावात तिच्या मागे कोण? मी गटापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. रात्री आशाला कुठे जायचं असेल तर गटातल्या एकीने सोबत जायचं, पाळी लावून. गाडी आली नाही तर खासगी गाडीचं भाडं तातडीच्या उचलीतून द्यायचं, व्याज नंतर बघू. आणि गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीला गटाच्या दोन जणींनी जायचंच, तिथे येणारा निधी कशावर खर्च होतो ते विचारायचं.

त्या दिवशी मागून बोललेल्या काकू परवा भेटल्या. मी हे सगळं त्यांना सांगितलं, एवढं लांबवून नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे दोन गेले होते. एक सहाव्या दिवशी, एक महिन्याचं. कोणी काही मोजलं नव्हतं." एवढं बोलून त्या धानाचं ओझं डोक्यावर घेऊन निघाल्या. चार पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, ग्रामसभेला मी येईन. तिच्या नावाला हात वर करीन."

बायांनो, तुमच्या गावातही अशी जागा निघेल, अशी सून असेल. त्या ग्रामसभेला जा.